बर्फाखालचं कापड

साइमी तोलोनेन मावशीने सगळी हयात जिल्ह्याच्या इस्पितळाच्या धोबीघरात डाग काढण्यात घालवली. रक्ताचे, औषधांचे, बीटाच्या रश्श्याचे. पेन्शन सुरू झाली आणि बाई डाग पाडायला लागली. माणूस कुठे ना कुठे सूड उगवतोच.

तिची रीत अशी. नोव्हेंबरात जमीन टणक झाली की सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, मागच्या भिंतीलगत ती मोठा कॅनव्हास अंथरायची. त्यावर आल्डर झाडाच्या सालीचा काढा ओतायचा, गंजके नाल ठेवायचे, मूठभर ब्लूबेऱ्या कुस्करायच्या, बर्चची ओली पानं पसरायची. मग हात झटकून घरात. बर्फ पडायचा. पुढचं काम त्याचं.

हिवाळाभर ती खिडकीशी बसून असायची. मी तिच्या वाटेवरचा बर्फ ओढून आत गेलो की विचारायचो, "काय चाललंय मावशी?"

"चित्र काढतेय."

"कुठाय?"

ती हनुवटीने बाहेरचा सपाट पांढरेपणा दाखवायची. आपण हसायचं, मग आपणही बघायचं. दुपारीच निळसर अंधार उतरायला लागायचा. धुराड्याचा धूर वर जायचं विसरून छपरावरच रेंगाळायचा. आणि बघता बघता खरंच वाटायचं, की त्या बर्फाखाली नालाचा गंज झोपेत कूस बदलावी तसा सरकतोय, ब्लूबेरी पानाकडे निघालीय, पोचायची काही घाई नाही. आपण कधी आलो, कशाला आलो, ध्यानात राहायचं नाही. कॉफी गार व्हायची.

वसंतात कापड बाहेर निघालं की मावशी त्याच्याभोवती एक चक्कर मारायची. "फार बडबडतंय," म्हणायची, आणि लाकडांवर झाकायला कुणाला तरी देऊन टाकायची. आमच्या गावातलं सरपण एवढं सजून बसलेलं दुसरीकडे नसेल.

एका माणसाला हे कधीच पटलं नाही. तिची धाकटी बहीण, हिल्का. कुणाच्या तरी बारशाला, भरल्या टेबलावर ती म्हणाली होती, "साइमीची चित्रं म्हणजे हार मानलेली धुणी!" सगळे हसले. साइमीने वेलदोड्याचा पाव खाली ठेवला आणि त्या दिवसापासून हिल्कासाठी कॉफीचं भांडं चुलीवर चढवलं नाही. आमच्याकडे याहून मोठं भांडण नसतं. तळ्याच्या या काठाला एक बहीण, त्या काठाला दुसरी, मध्ये कित्येक हिवाळे.

मी आरोग्य केंद्रात दिवे बदलतो, दारं दुरुस्त करतो. गेल्या शरदात तिथल्या बसायच्या खोलीची कोरी भिंत मोठ्या नर्सच्या डोळ्यांत खुपायला लागली आणि तिने साइमीकडे चित्र मागितलं. मावशी आठवडाभर 'हो' म्हणाली नाही. मग म्हणाली, "देते. पण यंदाचं शेवटचं. डोळ्यांवर साय आलीय, गुडघे वाकत नाहीत. एकदा तरी हिवाळा जसा असतो तसा निघाला पाहिजे. गप्प."

एप्रिलच्या सुरुवातीला तिला मोतीबिंदूसाठी काजानीच्या इस्पितळात बोलावणं आलं. दाराला झाडू टेकवून ती गेली. दाराला झाडू म्हणजे घरात कोणी नाही, आमचं हेच कुलूप.

चौथ्या दिवशी मी तिला बसवरून आणलं. धुराड्यातून धूर निघत होता. आत कॉफीचा वास, फरश्या लखलखीत, आणि हिल्का ॲप्रन बांधून उभी.

"ऑपरेशनचं कळलं," ती साइमीकडे न बघता म्हणाली. "म्हटलं, येऊन घर बघावं. धुणं बाहेरच टाकून गेलीस, गं? सौनाच्या मागून एक टोक वर आलेलं दिसलं. खणून काढलं, वर वजनाला ठेवलेले नाल बाजूला केले. बाई गं, कसले डाग! तळ्यावर नेलं, बर्फाच्या भोकात बुचकळून धोपटलं, आता उन्हाला घातलंय."

वसंताच्या उन्हात बर्फावर कापड पसरून पांढरं करायचं, हे आमच्या आज्यांपासून चालत आलेलं. हिल्काने ते मन लावून केलं होतं.

पायात बूट तसेच, साइमी मागे गेली. आम्ही दोघं तिच्यामागे.

बर्फावर कापड पसरलेलं होतं, जवळजवळ बर्फाच्याच रंगाचं. ब्लूबेरी गेली होती, पानं गेली होती. नालांची काही फिकी वर्तुळं उरली होती, श्वासाने काचेवर उमटावीत तशी.

"माझा अख्खा हिवाळा धुतलास तू," साइमी म्हणाली.

हिल्काला कळायला वेळ लागला. कळलं तशी ती मटकन बर्फातच बसली. "केंद्राच्या भिंतीसाठीचं ते... हे होतं? मला वाटलं चादर. साइमी, देवाशप्पथ, चादरच वाटली."

मी माझ्या बुटांकडे बघत राहिलो. आता भांडणाला तोंड फुटणार. साइमीने हात वर केला. पण तो डोळ्यांवर आडवा धरला.

"बर्फ निळा आहे," ती म्हणाली.

"काय?"

"सावलीत निळा आहे. सायीतून मला इतकी वर्षं पिवळाच दिसत होता. कोणी बोललं कसं नाही?"

"तू विचारलं नाहीस," हिल्का नाक पुसत म्हणाली.

पाइनच्या झाडांच्या सावल्या सरकत कापडावर चढल्या. वर्तुळं त्यांत बुडाली, पुन्हा वर आली. कुठे कापड संपतं आणि कुठे बर्फ सुरू होतो, सांगता येईना. दूर तळ्यातला बर्फ कण्हला आणि गप्प झाला. आम्ही किती वेळ उभे होतो कोण जाणे. हिल्का तर बसलेलीच होती.

"साबण कुठला लावलास?" शेवटी साइमीने विचारलं.

"पाइनचा."

"हं. मी असते तर इतकं काढायचा धीर झाला नसता." मग बहिणीला हात देत म्हणाली, "ऊठ. बूड गोठेल. कॉफी मी चढवते, तुझी नेहमी पातळ होते."

चित्र म्हणून तेच कापड मी केंद्रात टांगलं. खाली लावायच्या चिठ्ठीवर साइमीने दोघी बहिणींची नावं सांगितली, तर हिल्का फोनवर माझ्यावरच उखडली. "माझं नाव घालशील तर बघ! लोक म्हणतील, हिला धड धुता येत नाही."

तेव्हा चिठ्ठी नाही. पण हल्ली हिल्का नंबर लावल्याशिवायच केंद्रात येते, कोट मांडीवर घेऊन चित्रासमोर बसते. गर्दीचे आवाज तिच्यापाशी येऊन विरतात. परवा मी शिडी घेऊन जाताना विचारलं, "काय मावशी, बीपी वाढलं का?"

"नाही रे," ती नजर न हलवता म्हणाली. "डाग निघतोय का बघतेय."