तिसऱ्या गोष्टीतला गडू

१४ जून, सकाळ. मलकापूर स्टेशन, फलाट क्रमांक दोन.

हजर: माय. दादा आणि कांता वहिनी. शेजारच्या नसीम चाची. यांचे घरवाले आमच्या भागात भांड्यांना कल्हई करायचे. माझा नवरा सुधाकर, ज्याला बंगळूरच्या कारखान्यात नोकरी लागली होती. आणि मी. बाबा मी शाळेत असतानाच गेले होते. सामान आठ नग.

चोवीस वर्षांपूर्वीच्या माझ्या पहिल्या वहीचं हे पहिलं पान. तेव्हापासून वह्या एकोणचाळीस झाल्या. गावात राहिलेली माणसं विचारतात, तू तिकडे नेमकं काय काम करतेस. माझ्यासारखी निघून गेलेली विचारतात, तुझं घर आता कुठलं. दोघांना एकदाच लिहिते.

त्या सकाळी वहिनी रडत होत्या, दादा उगाच पाण्याची बाटली भरायला दोनदा गेला, आणि माय खिडकीबाहेर उभी राहून आमचं सामान मोजत होती.

"आठ हायेत ना? मनमाडले गाडी बदलशीन तवा पुन्हा मोजजो."

चाची वैतागल्या. "पोरगी चालली परमुलखात, तिच्या तोंडाकडं पाह्य ना बाई! डबे काय मोजतेस?"

"पोरगी काय हरवते?" माय म्हणाली. "डबे हरवतात."

गाडी हलली तरी तिचं बोट नगांवरून फिरतच होतं.

मायची ही सवय समजायची तर आमच्या घरातली मागची खोली माहीत हवी. चिखलीहून जीपने अर्ध्या तासावरचं आमचं गाव. गावाने मिळून घेतलेली लग्नाकार्याची भांडी आमच्याकडे असत: मोठी पातेली, पराती, घागरी, झारे. ज्याच्या घरी कार्य, तो घेऊन जाई आणि झाल्यावर आणून देई. मायला अक्षरओळख नाही. पण कोणत्या परातीला कुठे पोचा आहे, कोणत्या पातेल्याची कडी ढिली आहे, हे तिला पाठ. भांडी परत आली की ती उकिडवी बसून मोजायची आणि शेवटी मोठ्याने सांगायची, "एकोणीस घरात, दोन बाहेर."

'हरवलं' हा शब्द तिने कधी वापरला नाही. एक परात साखरखेर्ड्याच्या वऱ्हाडासोबत गेली ती नऊ वर्षं आली नाही. नऊ वर्षं माय प्रत्येक मोजणीत तिला 'बाहेर' म्हणून धरत राहिली, आणि तिकडचं कोणी भेटलं की विचारत राहिली. शेवटी कंटाळून का होईना, त्यांनी माळ्यावरून शोधून आणून दिली. माय उकिडवी बसली, परात उलटी करून पोचा पाहिला आणि म्हणाली, "आली."

मी शाळेत जायला लागल्यावर तिच्यासाठी यादी लिहून देऊ लागले. ती हसायची. यादी मला लागायची, तिला नाही.

बंगळूरला पहिली दोन वर्षं मी भाषा गोळा केली. समोरच्या घरातल्या बाई रोज दुपारी विचारायच्या, "ऊट आयता?" जेवलात का, एवढंच ते. पण गावात 'जेवली का वो' असं कोणीही कोणालाही विचारतं, आणि इथे ते विचारणारी ती एकच बाई होती. त्या वाक्याने मी तिथली होऊ लागले.

काम मात्र अपघाताने मिळालं. आमच्या घरमालकांचा वरचा मजला एका कन्नड मालिकेला शूटिंगसाठी दिला होता. तिसऱ्या दिवशी त्यांची धावपळ: आदल्या दृश्यात टेबलावर काय काय होतं, कोणालाच आठवेना. मी चहा द्यायला वर गेले होते. मी सांगितलं, पेला डावीकडे, चष्मा उघडा, वर्तमानपत्र घडी घातलेलं, घडीवर चमचा. त्यांनी आदल्या दिवशीचं चित्रण लावून पाहिलं. सगळं बरोबर. पुढच्या महिन्यात मी त्यांच्याकडे कामाला लागले.

या कामाला कंटिन्युइटी म्हणतात. सिनेमातलं एक दृश्य चार दिवसांत तुकड्यातुकड्याने चित्रित होतं. या तुकड्यातली बांगडी पुढच्या तुकड्यातही त्याच हातात हवी, दुधाचा पेला तेवढाच भरलेला हवा. ते पाहायला फोटो, खुणा, वह्या लागतात. मी हे फोनवर मायला समजावलं.

"म्हंजे भांडे मोजतेस."

"तसं नाही माय..."

"भांडेच मोजायचे होते तं इथं काय कमी होते? काऊन गेली मंग एवढ्या दूर?"

ते वाक्य मी बावीस वर्षं बरोबर घेऊन फिरले. माय बंगळूरला कधी आली नाही. भांडी कोणावर सोडायची, हे तिचं कायमचं उत्तर. वहिनी एकदा म्हणाल्या की दिवेलागणीला दार लोटताना ती माणसंही मोजते: "तीन घरात, एक बाहेर." मी ते हसण्यावारी नेलं.

तीन वर्षांपूर्वी मला एक कन्नड सिनेमा मिळाला. एकाच सिनेमात चार स्वतंत्र गोष्टी. चारही गोष्टींत एक माणूस बदलतो, आणि बदललो असं कोणीच तोंडाने म्हणत नाही. पहिल्या गोष्टीतला निवृत्त कंडक्टर आयुष्यात पहिल्यांदा खिडकीशी बसून प्रवास करतो. दुसरीतली मुलगी मैत्री तुटलेल्या मैत्रिणीच्या दारात तासभर उभी राहते आणि बेल वाजवते. चौथीत दोन भाऊ एका खाटेची दोन टोकं उचलतात. एवढंच घडतं. पण पाहताना छातीत काहीतरी जागचं हलतं.

दिग्दर्शिका माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. सगळे तिला अक्का म्हणत, मीही. इतकं शांत माणूस मी सेटवर पाहिलं नाही. पहिल्याच दिवशी ती मला म्हणाली, "तुमचं काम या सिनेमात सगळ्यांत मोठं. बाकी सगळं जागच्या जागी असेल तरच माणूस बदललेला दिसेल." तोवरच्या एकोणीस वर्षांत माझ्या कामाबद्दल कोणी एवढं नेमकं बोललं नव्हतं.

तिसरी गोष्ट पन्नाशीच्या एका बाईची. नदीकाठी घर, पण नवऱ्याने तिला कधी पाण्यात उतरू दिलं नाही. तो गेल्यावर ती रोज सकाळी त्याच्याच गडूने, काठावरूनच, पाणी भरून नेते. शेवटच्या दिवशी ती गडू पायरीवर ठेवते आणि नदीत शिरते. गळ्यापर्यंत. मग तरंगते.

अक्काला जुना पितळी चेंबु हवा होता. चेंबु म्हणजे आपला गडू. बाजारातले पन्नास दाखवले, तिला पटेनात. मला मायचा आठवला. तिने माहेरून आणलेला, गळ्याखाली टिंबटिंब करून आजोबांचं नाव घातलेला. बुडाला पोचा असल्याने तो ठेवला की जरासा डावीकडे कलायचा. दिवाळीत गावी गेले तेव्हा मागितला. वाटलं नाही म्हणेल. तिने चिंचेने घासून हातात दिला.

"मोजून नेतेस, मोजून आणजो."

अक्काने तो कललेला गडू पाहिला आणि हातात घेऊन कितीतरी वेळ बसली. "हाच," म्हणाली.

तुंगभद्रेच्या काठच्या एका गावात आठ दिवस शूटिंग होतं. शेवटचं दृश्य सहाव्या दिवशी दुपारी. जेवणाच्या सुट्टीत सगळे वर गेले. घाटावर मी आणि तिथला नावाडी, दोघेच. मी सकाळचा फोटो उघडला आणि गडू बरोबर फोटोतल्या पायरीवर, खडूच्या खुणेवर ठेवला. तीनदा ताडून पाहिला. फोटोत पाणी त्या पायरीच्या बरंच खाली होतं. वरच्या धरणातून पाणी सोडलं होतं आणि तेवढ्या वेळात नदी चढली होती. मी फोटो पाहत होते, नदी पाहिलीच नाही. पायरीवर पाण्याची एक लाट आली, कललेला गडू आणखी कलला, आणि गेला.

नावाड्याने तीन बुड्या मारल्या. हात वर करून म्हणाला, "उन्हाळ्यात पाणी उतरेल तेव्हा या, अम्मा. गाळात बसला असेल. कुठे जातो?"

आमच्या कामात प्रत्येक महत्त्वाच्या वस्तूचा जोडीदार ठेवतात. माझ्याकडे बाजारातला दुसरा गडू होता. तो मी मीठ आणि काजळीने जुना करून ठेवला होता. नाव नव्हतं, पण ती बाजू कॅमेऱ्यापासून फिरवता आली. पोचा नव्हता, त्याला इलाज नव्हता. तो सरळ उभा राहिला. दृश्य पहिल्याच टेकमध्ये झालं, कारण ती नटी पाण्यात शिरताना सगळं युनिट श्वास रोखून उभं होतं. गडूकडे कोणाचं लक्ष नव्हतं. मी कोणालाच काही सांगितलं नाही. अक्कालाही नाही आणि मायलाही नाही. उन्हाळा आला, तरी शोधायलाही गेले नाही.

सिनेमा लागला. बंगळूरच्या थिएटरमध्ये तिसरी गोष्ट संपल्यावर लोक टाळ्या वाजवायचं विसरले. नंतरच्या चर्चेत एक बाई उठून म्हणाल्या की सगळा वेळ कललेला चेंबु शेवटी सरळ उभा राहतो, बाईबरोबर तोही बदलतो, हे ज्याला सुचलं त्याला नमस्कार. अक्काने माझ्याकडे पाहिलं आणि हात जोडले. मी हसले. वहीत त्या दिवसाचं पान कोरं आहे.

सिनेमा घरी टीव्हीवर पाहता येऊ लागला, तशी माय फोनवर मागे लागली. "माहा गडू सिनेमात हाये. आता तं दाखवशीन का नाही?"

मागच्या कार्तिकात गेले. रविवार, दुपार. हजर: माय, दादा, वहिनी, नसीम चाची. चोवीस वर्षांपूर्वीचीच हजेरी. सुधाकर तेवढा कामामुळे आला नव्हता. मी प्रत्येक वाक्याचं वऱ्हाडीत करून सांगू लागले. ते मला आता अडखळतच येतं. पहिली गोष्ट अर्धी झाली आणि माय म्हणाली, "तू गप बस वो. मले समजून राह्यलं."

खरंच समजत होतं. कंडक्टर खिडकीशी बसला तेव्हा दादाने नाक ओढलं. बेल वाजली तेव्हा वहिनींनी पदर तोंडाला लावला. तिसऱ्या गोष्टीत गडू आला आणि चाची ओरडल्याच, "बाप्पा! हा तं तुहाच गडू! माह्या घरवाल्यानं कल्हई केली होती याले आतून!" माय नीट मांडी घालून बसली. कार्याला बसतात तशी.

शेवटचं दृश्य आलं. बाईने गडू ठेवला आणि ती पाण्यात शिरली. सगळे बाईकडे पाहत होते. मी मायकडे. मायची नजर पायरीवर होती. गुडघ्यावर फिरणारा तिचा हात थांबला.

चौथी गोष्ट झाली, चहा झाला, चाची डोळे पुसत गेल्या. माय कप विसळायला मोरीवर बसली.

"माहा गडू कोठी हाये?"

मी सगळं सांगितलं. फोटो, खूण, लाट, तीन बुड्या.

"तुला कसं कळलं?" मी विचारलं.

"माहा कलते. तो सरळ उभा व्हता." कप पालथा घालून ती म्हणाली, "त्या अक्काले सांगतलं?"

"नाही."

"मले बी नाही सांगतलं."

"नाही."

तिने नळ बंद केला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "एवढे लोक पाह्यतात, कोणाले दिसलं नाही. एवढं बारीक काम असते वो तुहं? मले वाटलं, नुसते भांडे मोजतेस."

बावीस वर्षांत पहिल्यांदाच तिने माझ्या कामाला नावं ठेवली नाहीत, आणि तेही माझी चूक उघडी पडली त्या दिवशी. मला रडू आलं. ती म्हणाली, "रडू नको. हरवला नाही तो. बाहेर हाये."

संध्याकाळी तिने दार लोटलं. मी मुद्दाम ओसरीवर थांबले होते. "चार घरात," ती म्हणाली, आणि क्षणभर थांबून, "गडू बाहेर." वहिनींचं बोलणं मी तेव्हा हसण्यावारी का नेलं होतं, कोण जाणे. माझं घर कुठलं, याचं उत्तर मला त्या ओसरीवर मिळालं. बंगळूर माझं आहे. तिथे मी जेवले का हे विचारणारी माणसं आता पुष्कळ आहेत. पण मी नसतानाही जिथे मला रोज मोजलं जातं, ते घर हे.

दुसऱ्या दिवशी अक्काला फोन केला. ती खो खो हसत सुटली. "आणि मी वर्षभर विचार करतेय, हे तुम्हाला सुचलं कसं!" मग हळूच म्हणाली, "अम्मांना माझा नमस्कार सांगा. आमच्या सिनेमातली चूक बघणारं माणूस मला पहिल्यांदा भेटलं."

नमस्कार सांगितला. मायने तो घेतला आणि विचारलं, "तिकडं पाणी कवा उतरते?"

"एप्रिलमध्ये. मी जाऊन पाहीन."

"तू नको एकटी जाऊ. तू फोटोत पाह्यशीन. मी येते."

दादाने वर पाहिलं. "अन् भांडे?"

"कांता हाये ना. तिले सगळे पोचे माहीत हायेत." आणि तिथल्या तिथे कमरेची किल्ली काढून तिने वहिनींच्या हातात दिली. वहिनी किल्लीकडे पाहत राहिल्या, मी मायकडे. चार गोष्टींत मी चार माणसं बदलताना नोंदवली होती. इथे माझ्या हातात वही नव्हती.

एप्रिल लागला. माय आली, आठ नग घेऊन, मनमाडला दोनदा मोजून. गेले नऊ दिवस ती बंगळूरला आमच्याकडे आहे. समोरच्या बाई तिला रोज "ऊट आयता" विचारतात आणि ती "हाव" म्हणते. आज सकाळी नावाड्याला फोन केला. तो म्हणाला, पाणी अजून दोन पायऱ्या वर आहे.

वहीत नोंद: गडू, पितळी, नाव घातलेला, एक नग. बाहेर. आणणे बाकी.