डेल्बर्टनं न बसवलेली प्लेट

आमच्या नव्या स्टेडियमची मला शिसारी येते. पोटासाठी रोज तिथंच जावं लागतं, म्हणून जास्तच येते.

डेल्बर्ट हुडाकनं गावच्या जुन्या बेसबॉल मैदानाची एकतीस वर्षं निगा राखली. त्यातली एकोणीस मी त्याच्या हाताखाली काढली. माणूस फटकळ. हिरवळीवर कुणी सूर्यफुलाच्या बियांची टरफलं थुंकली, की ती त्यालाच वेचायला लावायचा. मग तो खेळाडू असो नाहीतर नगरसेवक.

पुढे जुनं मैदान पाडून नदीकाठी नवं बांधायचं ठरलं. नगरपालिकेच्या सभागृहात पुठ्ठ्याचा नमुना मांडला होता आणि संघाचे मालक प्रेस्टन लाइल त्याच्याभोवती नवरदेवासारखे मिरवत होते. जुन्या मैदानात बॅटरचं तोंड पूर्वेला असायचं, म्हणजे कलतं ऊन त्याच्या पाठीवर. इथं अख्खं मैदान पश्चिमेकडे फिरवलेलं. कशासाठी? तर बड्या लोकांच्या काचेच्या खोल्यांतून नदीवरचा पूल आणि मावळता सूर्य दिसावा म्हणून.

डेल्बर्टनं सभागृहाचे दिवे घालवले आणि खिशातली बॅटरी काढून पुलाच्या बाजूनं धरली. पुठ्ठ्याच्या बॅटरचं तोंड पांढरंफटक पडलं.

"जून महिना, संध्याकाळचे आठ, सूर्य अजून वर," तो म्हणाला. "ताशी नव्वद मैलांच्या वेगानं चेंडू येतोय. या पोराला तो दिसणार कसा?"

"पण काय सुंदर दिसतंय हो," लाइल म्हणाले. "टीव्हीवर असंच यायला हवं."

सभागृह हसलं. मीही हसलो.

दोन वर्षांत काँक्रीट उभं राहिलं. होम प्लेट, म्हणजे बॅटर जिच्या बाजूला उभा राहतो ती पांढरी रबरी फरशी, मैदान राखणाऱ्यानंच स्वतःच्या हातानं बसवायची अशी आमच्यात रीत आहे. ठेकेदाराची माणसं तिला हात लावत नाहीत. मार्चमध्ये इंजिनिअरांनी दोरी ताणून जागा दाखवली. डेल्बर्ट खिशात हात घालून उभा राहिला.

"मी नाही बसवणार."

"डेल, हट्ट सोडा," लाइल म्हणाले. "दोन वर्षांत निवृत्त व्हायचंय. मानानं व्हा."

"मानाचं मला नका सांगू, साहेब. इथं उद्या कुणाचं तरी तोंड फुटेल."

"तुम्ही नाही तर दुसरा कुणी बसवेल," असं म्हणून लाइलनी माझ्याकडे पाहिलं. मी फावडं उचललं.

"लॉनी, ते फावडं खाली ठेव," डेल्बर्ट म्हणाला.

"माझ्या दोन पोरी कॉलेजात आहेत, डेल."

"ठाऊक आहे मला. ठेव खाली."

मी गुडघे टेकले आणि खणायला लागलो. प्लेट अशी चोख बसली की पाणसळीतला बुडबुडा जागचा हलला नाही. शिकवलेलं त्याचंच होतं. लाइलनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि डेल्बर्टची जागा तिथल्या तिथं मला देऊन टाकली. डेल्बर्ट फाटकाबाहेर गेला. त्या थापेची जागा मला अजून धुऊन काढावीशी वाटते.

जूनमधला शुक्रवार, तिसरी इनिंग. विल्मर पेगेरो, बावीस वर्षांचा पोरगा, बॅट घेऊन उभा होता. चेंडू सरळ तोंडावर आला, तरी तो हलला नाही, हातही वर नाही केला. त्याला काही दिसलंच नव्हतं. त्याला उचलून नेलं तेव्हा वरच्या काचेच्या खोल्यांतले लोक ग्लास हातात घेऊन सूर्यास्ताचे फोटो काढत होते. रक्तावर माती टाकून ती सारखी करणं माझं काम. मी ते केलं आणि खेळ पुढं सुरू झाला. दुसऱ्या दिवशी लाइल पत्रकारांना म्हणाले, खेळात असं व्हायचंच.

रविवारी डेल्बर्टचा फोन आला.

"डोळा वाचला का त्याचा?"

"नाही."

मी शिवीची वाट पाहत होतो. दिली असती तर बरं वाटलं असतं मला.

"उद्या सकाळी मी येतो," तो म्हणाला. "दोघं मिळून ती प्लेट उकरून टाकू. पुढं काय व्हायचं ते होऊ दे."

"उद्या संध्याकाळी सामना आहे, डेल," मी म्हणालो.

त्यानं फोन ठेवला. सोमवारी दुपारी मी रंगाचा डबा उघडला आणि प्लेट पुन्हा पांढरीशुभ्र केली.