बुरुलचाचा रिपोर्ट

बुरुलचाच्या पॅप तपासणीचा रिपोर्ट पहिल्यांदा मीच वाचला. कारा-बुलुनच्या दवाखान्यात मी एकटीच नर्स. नारिनहून आलेलं पाकीट मीच फोडते. गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशी बदललेल्या होत्या, पुढच्या तपासणीला शहरात, बिश्केकला पाठवा, असं लिहिलं होतं.

बुरुलचा शाळेत स्वयंपाक करायची. मी गेले तेव्हा कोपरापर्यंत पिठात होती. सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा कणीक मळायला लागली. मला ती एजे, म्हणजे थोरली बहीण, म्हणायची.

"एजे, घरी सांगू नका."

पण गाव केवढंसं! संध्याकाळपर्यंत तिच्या सासूला, सोनुनबुबूला, कळलं. दुसऱ्या दिवशी म्हातारी दवाखान्याच्या दारात उभी.

"नर्सबाई, आमच्या सात पिढ्यांत असलं दुखणं कुणाला नाही. माझा लेक रशियात विटा उचलतोय, आणि ही इकडे काय दिवे लावत होती?"

"अपा, आईसारख्या आहात म्हणून सांगते, हे ज्या विषाणूनं होतं तो बहुतेक नवऱ्याकडूनच येतो. वर्षानुवर्षं अंगात गप्प बसतो."

"म्हणजे माझा लेक वाईट?"

त्या रात्री लेकाचा फोन आला. "आई म्हणते ते खरं का?" एवढंच विचारलं त्यानं. बुरुलचा रडत राहिली, तर त्यानं फोन ठेवून दिला. मग महिनाभर केलाच नाही.

तीन महिने मी तिच्या मागे लागले. ती चुलीकडे बघत म्हणायची, "मेले तर सुटेन, एजे. सगळ्यांची तोंडं तरी बंद होतील." तिची मुलगी नऊ वर्षांची होती. शेवटी मी त्या पोरीलाच पुढे बसवून बुरुलचाला विचारलं, "हिला कुणाच्या हवाली करतेस? म्हातारीच्या?" तेव्हा ती उठली.

गाडी निघताना सोनुनबुबूही आत चढून बसली. "डॉक्टर काय सांगतो ते मी माझ्या कानांनी ऐकणार."

बिश्केकच्या दवाखान्यात बुरुलचाच्या गर्भाशयाच्या तोंडाचा बारीक तुकडा तपासायला घेतला. डॉक्टरीणबाईंनी नंतर सांगितलं, कर्करोग नाही, पण वाट बघत बसलात तर होईल; तेवढा भाग काढून टाकू. बुरुलचा भिंतीला टेकून खाली बसली आणि हुंदके द्यायला लागली.

सासू तिला उठवायला बाकावरून उभी राहिली. बाकावर रक्त होतं.

मी म्हातारीकडे बघितलं. तिनं पटकन शाल मागे ओढली.

"कधीपासून, अपा?"

"वय झालं की होतं ते."

"कधीपासून?"

"चार हिवाळे," ती पुटपुटली. "कुणाला सांगणार? लोक काय म्हणाले असते?"

बुरुलचा ताडकन उठली. "लोक? मला तुम्ही काय काय म्हणालात! पोरीसमोर! आणि स्वतः रोज पहाटे नदीवर फडकी धूत होतात?" सगळा व्हरांडा वळून बघत होता. म्हातारीनं मान वर केली नाही.

तिलाही तपासलं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि माझ्याशीच बोलल्या, हळू आवाजात. कर्करोग मूत्राशयापर्यंत पोचला होता.

बुरुलचाचं ऑपरेशन अर्ध्या तासात आटोपलं. सासूला किरणं दिली, तीही अर्धवट, तिला सोसवेनात. मग घरीच आणली. पुढचे पाच महिने बुरुलचानंच तिचं सगळं केलं. एकदा मी सुई द्यायला गेले तर सून अंथरूण बदलत होती. म्हातारी म्हणाली, "अशी दातओठ खात करू नकोस गं. त्यापेक्षा नको करूस."

"मग कोण करणार?" बुरुलचा म्हणाली आणि तिला कुशीवर वळवलं.

फेब्रुवारीत म्हातारी गेली. लेक आला, मयतासाठी उभारलेल्या तंबूबाहेर उभं राहून धाय मोकलून रडला, सुतकाचे चाळीस दिवस राहिला. बायकोला त्यानं एकदाही विचारलं नाही की तुझं काय झालं. जाताना मात्र मला गाठून विचारलं, "ते दुखणं खरंच पुरुषाकडून येतं?"

"येतं," मी म्हणाले. तो तसाच गाडीकडे गेला.

गेल्या आठवड्यात बुरुलचाची पुन्हा तपासणी केली. रिपोर्ट यायचा आहे. ती रोज शाळा सुटल्यावर येते, दारातूनच माझ्या चेहऱ्याकडे बघते आणि काही न विचारता परत जाते.