महिरपी कंस

ताईची बोटं पहिल्यांदा हरली ती कीबोर्डवरच्या शिफ्टच्या कळेपुढे. माझी ही मोठी बहीण कल्याणच्या एका कॉलेजात गणित शिकवायची. प्रबंध अर्ध्यावर आला आणि हातांतलं बळ जायला लागलं. हे दुखणं उलट फिरत नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. तिचा हट्ट एकच, प्रबंध स्वतःच्या हातांनी पुरा करायचा.

नव्वदीतली गोष्ट. डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत ठाण्याच्या माझ्या ऑफिसने मोडीत काढलेला कॉम्प्युटर होता. त्यावर गणित नीट छापायचं तर मजकुरातच हुकूम लिहावे लागायचे. इथे अपूर्णांक, इथे घात. आणि जिथेतिथे महिरपी कंस! त्याला दोन कळा एकदम दाबाव्या लागतात. तेच तिला जमेना.

"तू सांग, मी टाइप करते," मी म्हटलं.

"काही नको! बोटं गेलीत माझी, डोकं नाही गेलेलं."

अस्सा राग आला मला! पण बसले आणि त्या हुकमांचीच मोडतोड केली. महिरपीचं काम साध्या चौकटी कंसाला दिलं. लांबलचक हुकूम एकेका अक्षरावर आणले, भागिलेचा बी, घाताचा जी. सिद्धता संपली की खाली काळा चौकोन येतो, त्याला नुसते दोन पूर्णविराम. शिफ्टला हात लावायचंच काम नाही.

तिने एक पान करून पाहिलं. "बरी आहेस की गं!" म्हणाली. शुक्रवारी लाईट नसायची तेव्हा लाईटवाल्यांचा असा उद्धार करायची, की आई आणि मी पोट धरून हसायचो.

ते हसणं फार टिकलं नाही. मी हुकूम आखूड करत गेले आणि तिची बोटं त्याहून भराभर मागे हटत गेली. शेवटी उजव्या हाताचं एकच बोट उरलं. बघून जीव तुटायचा. टाइप करू का म्हटलं की मान फिरवायची.

एका संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर ताई पडद्यासमोर बसलेली.

"झालं गं," म्हणाली.

आईने लगेच शिऱ्यासाठी रवा भाजायला घेतला. मी रडतरडतच छापायला बसले आणि शेवटचं पान उघडलं. सिद्धता निम्मीच होती. वाक्य मध्येच तुटलेलं आणि त्याखाली दोन पूर्णविराम. पोरांनी अशा अर्धवट सिद्धतेखाली चौकोन टाकला तर वही भिरकावणारी बाई ही!

मी वळून पाहिलं. तिने दोन्ही हात पदराखाली घेतले होते.

"ताई, अगं पुढचं राहिलंय..."

"माहितीये मला. मी सांगते," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "तू टाइप कर."

मी खुर्ची ओढली आणि आधी ते दोन पूर्णविराम खोडले.