रूथच्या लग्नाला माझी हरकत

माझ्या पोटच्या मुलीच्या लग्नाला भर चर्चमध्ये उभी राहून हरकत घेणारी बाई मीच. डोक्यावर पदर, हातात गीतांचं पुस्तक, आणि समोर पाळकसाहेब तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघताहेत. आमचं चर्च घाटकोपरला, ऐन बाजारात. एरवी भाजीवाल्यांचा ओरडा आमच्या प्रार्थनेत मिसळायचा. त्या क्षणी मेले तेसुद्धा गप्प झाले होते.

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार मुलामुलीची नावं चर्चमध्ये पुकारतात. पुकारून झालं की पाळक म्हणतात, या लग्नाला कोणाची हरकत असेल तर त्यानं आत्ता उभं राहावं. मग ते जरा थांबतात. कोणी उभं राहत नाही. मी इतकी वर्षं त्या चर्चला जात होते, एकदाही कोणी उठलेलं बघितलं नव्हतं. तो तिसरा रविवार होता. नावं आमच्या रूथची आणि अंधेरीच्या साळवे मास्तरांच्या प्रकाशची होती. आणि मी झोपले होते.

पहाटे चारला नळ यायचा, तेव्हापासून मी पायावर उभी. साळव्यांकडची नऊ माणसं उपासनेनंतर आमच्याकडे जेवायला यायची होती. मटण शिजवून, मसाला पाट्यावर वाटून (मिक्सर होता, पण तो फक्त आवाज करायचा), नवी साडी नेसून मी चर्चला आले, बाकाला टेकले आणि उपदेशाच्या दुसऱ्या वाक्याला माझी मान पडली. जाग आली ती शांततेनं. आमच्या चर्चमध्ये शांतता एकदाच व्हायची, पेटीवाला गीताचं पान शोधत असायचा तेव्हा. मला वाटलं, आता गीत सुरू होणार. मी उठले.

एकटी उठले असते तरी चाललं असतं. पण मी महिला मंडळाची चिटणीस. गीताला वेळेवर उभं राहायची शिस्त बायकांना मीच लावलेली. मी उठले तशी माझ्या मागची रांग उठली. तिच्या मागची उठली. बघता बघता बायकांची सगळी बाजू रूथच्या लग्नाला हरकत घेऊन उभी! पलीकडे पुरुषांच्या बाजूला आमचे हे बसले होते. साकीनाक्याला लेथवर काम करणारा सरळ माणूस. त्यांनी माझ्याकडे बघितलं, हिला मुलाबद्दल काहीतरी कळलेलं दिसतंय असं गृहीत धरलं, आणि तेही उठले.

पाळकसाहेबांनी हळू आवाजात विचारलं, "बाई, आपली हरकत आहे?"

तेव्हा माझी झोप उतरली. मागच्या बायका एकेक करून खाली बसत गेल्या, जणू त्या कधी उठल्याच नव्हत्या. माझे गुडघे मात्र वाकेनात.

पाळकसाहेब नियमाचे पक्के. कोणी उठलं की पुकारा रद्द, आधी चौकशी, असं त्यांनी तिथेच जाहीर केलं. लग्न मंगळवारी होतं. बुधवारपासून उपवासकाळ लागायचा, आणि त्या चाळीस दिवसांत आमच्याकडे लग्नं लागत नाहीत. त्याच चाळीस दिवसांत प्रकाशचं मस्कतचं विमान होतं, दोन वर्षांसाठी. पुकारलेली आणि लग्न न लागलेली मुलगी दोन वर्षं घरात ठेवायची! माझ्या एका उठण्यानं एवढं झालं.

उपासना संपल्यावर पाळकांच्या झगा बदलायच्या खोलीत आम्ही सगळे शिरलो. आम्ही, साळवे, मंडळीचे दोन पंच. पंखा बंद. पाळकसाहेबांनी आधी आमच्या ह्यांना कारण विचारलं. हे म्हणाले, ही उठली म्हणून मी उठलो, कारण ते हिला माहीत असेल.

मी तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. पण त्याच्या आदल्या रविवारी दुसऱ्या पुकाऱ्याला आलेल्या साळवे मास्तरांना आमच्या चर्चमध्ये डुलकी लागली होती, आणि देवाच्या घरात घोरणाऱ्या मास्तरानं पोरांना काय शिकवलं असेल, असं मी महिला मंडळात बोलून गेले होते. संध्याकाळपर्यंत ते विहीणबाईंच्या कानावर गेलं होतं. मुलाकडे बघून त्यांनी ते गिळलं होतं. आता त्यांच्यासमोर मी कुठल्या तोंडानं सांगू? म्हटलं, "चक्कर आली."

विहीणबाई हॉस्पिटलात मेट्रन होत्या, हे मी विसरलेच. त्यांनी माझं मनगट धरलं, घड्याळ बघितलं, डोळ्याची पापणी खाली ओढली.

"चक्कर आलेला माणूस खाली पडतो," त्या म्हणाल्या. "उठून उभा राहत नाही."

"माझी चक्कर उभ्यानंच येते," मी म्हटलं. (हे मी खरंच म्हटलं.)

"मग ती चक्कर नाही, फिट आहे. घरात आणखी कोणाला येते?"

आमच्या ह्यांना कोणी विचारलं नव्हतं. तरी हे म्हणाले, "हिच्या भावाला यायची. लहानपणी."

खोलीतले सगळे रूथकडे बघायला लागले. ती रडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती माझ्याकडे बघत उभी राहिली. प्रकाश म्हणाला की मला चालेल. विहीणबाईंनी त्याला गप्प केलं. लग्नाआधी लपवलेल्या दुखण्यांचे संसार मी वॉर्डात बघितलेत, म्हणाल्या. पंच चपला शोधायला लागले. मला कळलं, हे लग्न आता मोडतंय, आणि माझ्या अब्रूपायी मोडतंय.

"मला फिट येत नाही," मी म्हटलं. "मी झोपले होते."

कोणी विश्वास ठेवला नाही! पाळकसाहेबांनी मोठ्या मायेनं सांगितलं की मुलीसाठी आई काहीही बोलते, पण या खोलीत खोटं नको. एक पंच म्हणाले की या बाईंनी माझ्या सासूला जांभई दिली म्हणून सभेतून उठवलं होतं, या कसल्या झोपतात! आयुष्यभर कडक वागल्याचा मला तेवढा एकच उपयोग झाला.

शेवटी कोपऱ्यातून साळवे मास्तर बोलले. "त्या झोपल्या होत्या, पाळकसाहेब. मी साक्ष देतो."

"तुम्ही पाहिलंत?"

"ऐकलं. उपदेशाला मला झोप लागते, हे बाईंनी सगळ्यांना सांगितलेलंच आहे. आज नाही लागली. बाई फार मोठ्यानं घोरतात."

विहीणबाई हसल्या. इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची द्यावी लागली. पाळकसाहेब तेवढे हसले नाहीत. माझ्या उपदेशात का, असं त्यांनी दोनदा विचारलं.

मग वहीत हरकतीचं कारण म्हणून 'निद्रा' लिहिलं गेलं, खाली माझी सही घेतली, आणि पुकारा पुन्हा करायचं ठरलं. लोक गेले असतील अशी मला आशा होती. एकही माणूस गेला नव्हता. पाळकसाहेबांनी चर्चच्या पायरीवर उभं राहून नावं वाचली. हरकतीचा प्रश्न आला तेव्हा विहीणबाईंनी माझा उजवा खांदा दाबून धरला आणि रूथनं डावा. मी पायरीवर बसलेली होते, तरी धरला.

मंगळवारी लग्न लागलं.

पुढच्या वर्षांत पाळकसाहेब वारले. मास्तर गेले, मागोमाग विहीणबाई गेल्या, आमचे हेही गेले. रूथ आणि प्रकाश मुलुंडला असतात, आता त्यांचेच गुडघे दुखतात. आणि हरकत घेणारी बाई गेली अकरा वर्षं त्यांच्याच घरी राहते.