खाली चूल, वर बर्फ

अमरावतीच्या उन्हाळ्यावर प्रत्यक्ष दावा ठोकून तो वर्षानुवर्षं लढवत बसलेला माणूस मी एकच पाहिला, आणि माझं नशीब असं की मी त्याचाच ज्युनिअर होतो. स्वातंत्र्य मिळून दहा-बारा वर्षं झाली असतील. माझी सनद नवी होती, चेहरा पाहून अशिलांना धीर येत नसे, म्हणून वडिलांच्या ओळखीने मी या वकीलसाहेबांच्या हाताखाली लागलो. कायदा त्यांनी मला बऱ्यापैकी शिकवला. पण माझी खरी उमेदवारी झाली ती फ्रिज उचलण्यात.

वकीलसाहेब देहाने भरभक्कम, आवाजाने त्याहून भरभक्कम. पुराव्याशिवाय कशावरही विश्वास ठेवायचा नाही हा त्यांचा बाणा कोर्टापुरता नव्हता. दारावर भाजी घेऊन येणाऱ्या माळणीचीही ते उलटतपासणी घेत. "हे वांगे आज सकाळीच तोडले, हे तू सोता पायलं का?" असं त्यांनी विचारलं की ती बाई टोपली उतरवत म्हणे, "मी नाई तं का तुमी तोडले?" यावर ते माझ्याकडे वळून गंभीरपणे सांगत, "पाय, साक्षीदार असा पायजे." वांगी मग निमूट घेतली जात. मात्र घरी आलेल्या कुणालाही, मग तो अशील असो, बेलिफ असो, की प्रतिपक्षाचा वकील, पाणी पाजल्याशिवाय त्यांनी बोलायला सुरुवात केलेली मला आठवत नाही.

जंगलाशी या माणसाचा काडीचा संबंध नव्हता. संबंध होता काकूंचा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा. काकूंचे वडील मेळघाटात रेंजर होते, त्यामुळे त्यांचं सगळं बालपण साग आणि मोहाच्या सावलीत गेलेलं. लग्न होऊन गावात आल्या, पण दर उन्हाळ्यात महिनाभर माहेरी जात. मग मधुमेह निघाला आणि रोजचं इन्सुलिन मागे लागलं. ती बाटली गार ठेवावी लागे. घरात विजेचा फ्रिज होता, तो जंगलात नव्हता, आणि वऱ्हाडातल्या मे महिन्यात बाहेर ठेवलेल्या बाटलीचा काढा व्हायला वेळ लागत नाही. हिवाळ्यात जावं तर कोर्टं चालू. सुट्टी मिळे ती उन्हाळ्यात, आणि काकूंनाही जायचं होतं ते चारोळ्या नि टेंभुर्णीची टेंभरं पिकतात तेव्हाच. "मले खायाचे नाईत बाप्पा," त्या म्हणत. "डोयानं पाह्याचे हायेत. एक रात्र तिथं निजू द्या फक्त." एवढीच मागणी होती. ती मान्य करायला वकीलसाहेबांनी किती उन्हाळे घालवले, ते सांगायला मी बसलो आहे.

प्रथम त्यांनी पेटीचा मार्ग धरला. अकोल्याच्या एका टिनवाल्याकडून दुहेरी पत्र्याची पेटी करवून घेतली. अमरावतीचे टिनवाले "कशाले पायजे?" असं विचारतात, आणि त्याचं उत्तर देण्यात वेळ जातो, असं त्यांचं म्हणणं. दोन पत्र्यांच्या मधे जिनिंगमधून आणलेला कापूस ठासून भरला. आपल्या मुलखात कापसाला काय तोटा! आत बर्फाची लादी आणि तिच्याशेजारी एक छोटी बाटली ठेवली. बाटलीत तूप होतं. ही कल्पना त्यांची स्वतःची, आणि तिचा त्यांना फार अभिमान. मे महिन्यात आमच्याकडे तुपाचं पाणी होतं. तेव्हा तूप थिजलेलं राहिलं तर पेटी पास, वितळलं तर नापास. "थर्मामीटर खोटं बोलन," ते म्हणाले, "तूप फितत नाई." मग ती पेटी घेऊन आम्ही वडाळीच्या तलावाकाठी राहुटी ठोकली. घर तिथून हाकेच्या अंतरावर. सकाळपर्यंत बर्फाचं पाणी झालं, ते सगळं कापूस प्यायला, पेटी हलेना आणि तूप झुळझुळ वाहत होतं. वकीलसाहेबांनी बाटली उन्हात धरून पाहिली आणि निकाल दिला, "फेटाळला."

त्यानंतर विजेचं मनावर घेतलं. चांदूर बाजारचा एक बागाईतदार अशील सुट्टीत त्यांना आपली जीप वापरायला देत असे. घरातला फ्रिज त्या जीपच्या बॅटरीवर चालेल, असं कुण्या मिस्त्रीने त्यांच्या डोक्यात भरवलं. तारा जोडल्या. फ्रिज ढिम्म राहिला, पण जीपचा जीव मात्र गेला. ती चालू करायला आम्ही भर दुपारी इर्विन चौकापर्यंत ढकलत नेली. आम्ही म्हणजे मी आणि तो मिस्त्री. वकीलसाहेब स्टिअरिंगवर बसून आम्हाला विचारत होते, "तुमी ढकलून राह्यले का नुसते हात लावून राह्यले?"

आणि शेवटी तो आला. अचलपुराकडचा एक दवाखाना बंद पडला, त्याचं सामान निघालं, त्यात घासलेटवर चालणारा बुटका फ्रिज होता. खाली वात पेटवायची आणि वर गार व्हायचं. ते पाहायला अख्खी गल्ली लोटली. काकूंनी पदर कमरेला खोचून त्या ज्योतीकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "खाली चूल अन् वर बरफ! हे यंत्र तुमच्यासाठीच जन्माले आलं हो." हे यंत्र स्वभावानेही मालकासारखंच होतं. जराही कललेलं त्याला खपत नसे. जमीन समपातळीत नसली तर ते रुसून गरम होई. म्हणून वकीलसाहेबांनी गवंड्याची पाणसळ विकत घेतली आणि ती काळ्या कोटाच्या खिशात टाकून ते कोर्टातही जाऊ लागले. ज्योत निळी हवी, पिवळी झाली की काजळी धरते. वाऱ्याची झुळूक आली की आडोसा धरायचा. तो आडोसा म्हणजे मी. "तू काहून हालून राह्यला?" हा प्रश्न मी त्या काळात जितक्यांदा ऐकला तितक्यांदा स्वतःचं नावही ऐकलं नाही. पण तूप थिजलं. दगडासारखं थिजलं.

त्या मे महिन्यात आम्ही निघालो. गाडीत ज्योत विझवून फ्रिजमधे बर्फ भरला आणि परतवाड्याच्या पुढे घाट चढून एका नदीकाठी राहुटी दिली. दगड रचून, पाणसळ लावून फ्रिज बसवला आणि वात पेटवली. काकू चप्पल काढून वाळलेल्या पानांवरून चालत होत्या आणि लहान मुलीसारख्या स्वतःशीच हसत होत्या. सगळं यथासांग चाललं असतं. पण रस्त्यावर एक मोटार बिघडली, आणि तिच्यातले उतारू सावली शोधत आमच्याकडे आले.

आता आलेल्या माणसाला पाणी विचारायचं नाही, हे वऱ्हाडात कुणाला जमलंय? त्यातून थंडगार पाणी जवळ असताना? "या, बसा, पानी घ्या," म्हणत वकीलसाहेबांनी फ्रिजचं दार उघडलं, ते दुपारभर मिटलंच नाही. गार पाण्याचा तांब्या बाहेर, नदीच्या कोमट पाण्याचा आत. पाणी प्यालेले लोक न प्यालेल्यांना घेऊन येत. जंगलखात्याचा नाकेदार आला, जवळच्या ढाण्यावरची, म्हणजे पाड्यावरची, कोरकू मंडळी आली, कुणी नुसतं दारात हात घालून "खरंच थंडं हाय" म्हणून गेलं. वकीलसाहेब घामाने निथळत होते आणि इतके सुखी मी त्यांना दावा जिंकल्यावरही पाहिले नव्हते. मोटार सुटली तेव्हा उन्हं कलली होती. त्यांनी तुपाची बाटली काढली, आडवी केली आणि तूप एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेलं.

सकाळच्या इंजेक्शनचा प्रश्न होता. तासाभरात सामान आवरून आम्ही परत निघालो. घाट उतरताना काकू मागे वळून पाहत होत्या, पण बोलल्या ते एवढंच, "तहानेल्या लोकाईले पानी पाजलं. काई पाप नाई केलं तुमी." परतवाडा आला. मग वकीलसाहेब म्हणाले, "खाली नदी होती. कोणी मरून नव्हतं राह्यलं तहानेनं." मला त्यांचा फार राग आला होता आणि त्याहून जास्त कीव आली होती.

पुढचे दोन उन्हाळे काही ना काही आडवं आलं आणि तेवढ्यात काकूंची नजर गेली. साखर डोळ्यांत उतरली, डॉक्टर म्हणाले. उजेड कळे, माणसं सावल्यांसारखी कळत. मला वाटलं, आता तो फ्रिज अडगळीत जाईल. पण काकू म्हणाल्या, "जंगल तं आपल्या जागेवरच हाय न?" तेव्हा आम्ही पुन्हा गेलो, त्याच नदीकाठी.

या खेपेला वकीलसाहेबांनी दोन माठ वेगळे भरून ठेवले आणि स्वतः फ्रिजच्या दाराला पाठ लावून स्टुलावर बसले. जंगलखात्याचे एक मोठे साहेब मुद्दाम ते गाजलेलं पाणी प्यायला आले. "माठातलं घ्या," वकीलसाहेब मान खाली घालून म्हणाले. "याच्यातलं तिचं हाय." साहेब माठाच्या तांब्याला नुसतं बोट लावून, न पिताच निघून गेले. वकीलसाहेबांचा चेहरा पाहवत नव्हता. तूप मात्र जागचं हललं नाही.

संध्याकाळी काकू राहुटीबाहेर बाजेवर बसल्या होत्या. "सांगा न," त्या म्हणाल्या, "काय दिसते?"

"झाडं हायेत."

"कशाचे?"

वकीलसाहेबांनी नीट पाहून घेतलं. "उंच हायेत."

मला हसू आवरेना. काकूही हसल्या आणि त्यांनी हात पुढे केला. तेव्हा वकीलसाहेब दिवसभरात पहिल्यांदा स्टुलावरून उठले आणि फ्रिजचं दार राखणीविना सोडून समोरच्या झाडाची डहाळी मोडून आले. काकूंनी देठ बोटांत धरला. "चिकट हाय. मोह हाय हा." ते दुसरी डहाळी आणायला गेले. "हे टेंभुर्णी. इच्याखाली आमची म्हैस बांधत." मग तिसरी. इतकी वर्षं ज्या जंगलासाठी झटले ते जंगल तो माणूस त्या संध्याकाळी पहिल्यांदा पाहत होता, आणि एकेक पान तिच्या हातात देऊन त्याचं नाव विचारत होता. पुरावा न मागता ते सगळं मान्य करत होता.

अंधार पडला तरी त्यांच्या खेपा चालूच होत्या. शेवटी काकूंनी त्यांचा हात धरला.

"बसा आता," त्या म्हणाल्या. "आता तुमालेई काई दिसत नसन."

वकीलसाहेबांनी स्टूल उचललं, बाजेशेजारी ठेवलं आणि बसले.