सिन्नरच्या प्रमुख पाहुण्या

नाशिकला उतरलो तेव्हा माझे गुडघे कानाला टेकले होते. कोल्हापूरहून सुटलेल्या त्या एसटीच्या सीटा बालवाडीची मापं घेऊन बसवल्या असाव्यात. उतरल्या उतरल्या गंगापूर रोडला मिसळ खाल्ली. मंडळी, कोल्हापुरात जन्म घेऊन हे लिहिणं पाप आहे, पण चांगली होती. सोबतचा पापड एवढा मोठा की मागच्या टेबलावर सावली पडली.

पोट भरल्यावर कामाचं बोलू. इंदिरानगरमधल्या एका हॉलमध्ये दुसऱ्या दिवशी आरोग्य शिबिर होतं. खास आमच्यासारख्यांसाठी, म्हणजे तृतीयपंथी, समलिंगी, साध्या खोकल्यासाठी गेलं तरी ज्यांना डॉक्टरपुढे आधी आत्मचरित्र सांगावं लागतं त्या सगळ्यांसाठी. मी स्वतः पुरुषांवर जीव लावणारा पुरुष. अशा शिबिरांत फॉर्म भरतो आणि तोंड चालवतो. दुसरं काम मला जास्त जमतं.

मला न्यायला कोमल आली होती. तिशीतली, सिन्नरची तृतीयपंथी.

"दादा, अम्मा आल्या नाय तर आमच्यातलं कुनी येनार नाय," ती म्हणाली. "आमच्यात गुरूच्या आधी चेला (शिष्या) घास घेत नाय. सुई कशी टोचून घेनार?"

अम्मा म्हणजे कोमलसकट सात चेल्यांची गुरू. त्यांच्या पायाच्या अंगठ्याला दीड महिन्यापूर्वी जखम झाली होती आणि ती भरत नव्हती. अम्मा तिच्यावर हळद दाबत आणि शेजारच्या बोटात जोडवी घालत. साखरेचा आजार असावा, असं कोमलला वाटत होतं. "अंगठ्यावर भागनार नाय दादा, पाय जाईल," ती म्हणाली.

सिन्नरला शेअर जीपनं गेलो. माझ्या मांडीवर एक आजोबा, आजोबांच्या मांडीवर मेथीची जुडी. उतरताना आम्हा तिघांना ताटातूट सहन होईना.

अम्मा दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. उंची सांगू? चौकटीला नमस्कार केल्याशिवाय त्या घरात शिरूच शकत नाहीत.

"पाव पडती, अम्मा," मी वाकलो. (गुरूला असाच नमस्कार करायचा असतो.)

"जीते रहो. कोल्हापूरचा ना? मग आवाज कमी कर."

शिबिराचं नाव काढताच त्यांनी पाय साडीत ओढून घेतला. "मागं ताप भरला म्हनून एका दवाखान्यात गेले. बायांच्या वॉर्डातून पुरुषांच्या, तिथून परत बायांच्या. पाच येळा फिरवलं. जिने चढून चढूनच ताप उतरला. आता नाय."

मी हसलो. कोमल हसली नाही. माझं हसू अर्ध्यावरच राहिलं आणि जीभ सुटली.

"तपासणी? छे! तुम्ही उद्घाटनाला यायचं. प्रमुख पाहुण्या! फीत कापायची. डॉक्टर ताटकळल्यात."

अम्मांनी मला पायापासून डोक्यापर्यंत निरखलं. "शाल हाय?"

"शाल हाय, श्रीफळ हाय, फोटोवाला हाय!" एवढं एका दमात बोलल्यावर मलाच धाप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अम्मा जांभळी पैठणी नेसून लंगडत हॉलच्या दारात आल्या. मागे सात चेल्यांची रांग. हॉलमध्ये दोन टेबलं, एक वजनकाटा आणि गुर्मी दाखवत फिरणारा पंखा. फीत कुठली असायला?

मी आत धावलो. तरुण डॉक्टरबाई सामान मांडत होत्या.

"ताई, पाच मिनिटं मला वेडा समजा."

"कधीच समजले," त्या म्हणाल्या आणि बँडेजचा रोल माझ्या हातात दिला.

दारावर बँडेज बांधलं. शाल म्हणून डॉक्टरबाईंची ओढणी, श्रीफळ म्हणून समोरच्या गाडीवरचं शहाळं. फोटो मीच काढला, त्यात माझा अंगठा आला. अम्मांनी ड्रेसिंगच्या कात्रीनं फीत कापली आणि एक टाळी दिली. त्र्यंबकपर्यंतची कबुतरं उडाली असणार.

मग त्या माझ्याकडे वळल्या.

"आता?" अम्मांनी विचारलं.

"आता... पहिली सुई पाहुण्यांना." माझा आवाज उंदराचा झाला होता.

"थाप कालच कळली रे मला. आनि शहाळं देऊन कुनी सत्कार करतंय व्हय? तुझ्या थापेनं नाय आले मी." त्यांनी मागे पाहिलं. "काल दुपारपासून ह्या सातजनी जेवल्या नाय. म्हनल्या, अम्मा पाय दाखवतील तवा जेवू. माझीच रीत माझ्या गळ्यात."

कोमलनं मान खाली घातली, पण ओठ दाबून हसत होती.

"कोनत्या वॉर्डात टाकनार मला?" अम्मांनी डॉक्टरबाईंना विचारलं.

डॉक्टरबाई फरशीवर बसल्या, तो पाय मांडीवर घेतला आणि हळद पुसत म्हणाल्या, "तुम्ही म्हणाल त्याच वॉर्डात. मी स्वतः सोबत येते, खाट मिळेपर्यंत हलत नाही. पण आजच, अम्मा. आज गेलो तर पाय वाचेल."

अम्मांनी हात पुढे केला, डोळे मिटले आणि किंकाळी फोडली. सुई अजून पुडीतच होती. मग मागून सात हात पुढे आले. कोमल म्हणाली, "आधी सुई, मग वडापाव, दोन-दोन!"

मी खुशीत फॉर्म भरत होतो.

"आता हा," अम्मा म्हणाल्या.

"मी? मी फॉर्मवाला."

"दुसऱ्यांचे भरतोस. तुझा कुठाय?"

मी पेन ठेवून खुर्चीत बसलो. डॉक्टरबाईंनी रक्तदाब मोजला, पट्टा सोडला, पुन्हा मोजला. मग विनोद न करता म्हणाल्या, "बराच वाढलाय. गावी उतरलात की आधी डॉक्टरकडे जायचं."

परतीच्या गाडीत संगमनेरला कोमलचा फोन आला. अम्मांना बायकांच्या वॉर्डात खाट मिळाली, पाय राहणार, अंगठ्याचं मात्र अजून ठरायचंय. शेजारच्या खाटेवरच्या सासू-सुनेचं भांडण त्यांनी मिटवून टाकलंय.

खिडकीबाहेर कांद्याचे ढीग मागे पळत होते. आजारी माणसाला घरचे ओढत नेतात. आमच्यातल्या कित्येकांना घरानंच बाहेर काढलेलं असतं. मग कुणी थाप मारून नेतं, कुणी उपाशी राहून नेतं. यात थाप सोपी, हे आता मला पक्कं माहीत आहे.

कोल्हापूरला उतरलो आणि बॅगेसकट गल्लीतला दवाखाना गाठला.

"काय होतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही," मी बाही वर केली. "सिन्नरहून पाठवलंय."